गिरणीतल्या बायका, मार्माइट आणि छातीच्या कर्करोगाचं एक औषध

तोरणमाळच्या घाटात किंवा धडगावच्या पुढे गेलं की ऑडिओ गोल गोल फिरत राहतो, अशी तक्रार बरेच जण करतात. त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "तर" बरेच गाळलेत, काही राहिले असतील.

मागच्या भागानंतर शहाद्याकडच्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली. "दादा, मेसोथेलियोमा म्हणजे काय? त्याला इलाज आहे का? आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, त्यानं होतो का?" एका दमात तीन प्रश्न. मी डॉक्टर नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे कोणाला कुठलं औषध घ्यायचं ते मी सांगणार नाही. पण औषध आलं कुठून, हे शोधायला गेलो आणि जे सापडलं त्यानं मी दोन रात्री जागा राहिलो. कारण या आजारावरच्या मुख्य औषधाची मुळं थेट मुंबईत, परळमध्ये निघाली. आणि त्यातली अर्धी गोष्ट आपल्या घरातल्या एका साध्या गोळीची आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं. छातीच्या आतल्या बाजूलाही तसंच असतं. दोन्हींच्या मध्ये चमचाभर पाणी, म्हणून श्वास घेताना फुफ्फुस न घासता सरकतं. या आवरणाचा जो कर्करोग होतो तो मेसोथेलियोमा. फुफ्फुसाचा कर्करोग वेगळा, तो फुफ्फुसाच्या आत होतो. आवरणाचा हा कर्करोग फार क्वचित होतो आणि त्याचं मुख्य कारण एकच आहे, अॅस्बेस्टॉस. हे एक खनिज, दगडच, पण कापसासारखं पिंजता येतं. जळत नाही, गंजत नाही, स्वस्त आहे. म्हणून ते ब्रेक लायनिंगमध्ये गेलं, बॉयलरच्या वेष्टणात गेलं आणि सिमेंटमध्ये मिसळून आपल्या डोक्यावरच्या पत्र्यात आलं.

याचे तंतू श्वासातून आत गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. ते तिथंच बसतात. आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. आमच्या धंद्यात आज डिप्लॉय केलेला बग फार तर सोमवारी सकाळी फुटतो. इथं 1985 साली आत गेलेली धूळ 2025 मध्ये समोर येते, आणि तोवर माणूस ती नोकरीच विसरलेला असतो.

पत्र्याच्या प्रश्नाचं उत्तर इथंच देऊन टाकतो. धडधाकट पत्रा नुसता छतावर आहे म्हणून घाबरून जाऊ नका, त्यात तंतू सिमेंटनं धरून ठेवलेले असतात. धोका पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना, घासताना आहे. म्हणजे राहणाऱ्यापेक्षा बसवणाऱ्याला आणि काढणाऱ्याला जास्त. फुटके पत्रे कुटून अंगणात भर घालू नका. काढायचेच असतील तर पाण्यानं भिजवून, अख्खे उतरवा.

आता इतिहास. अॅस्बेस्टॉस आणि हा कर्करोग यांचं नातं जगानं पक्कं मानलं ते 1960 साली. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावात टीबीचं एक हॉस्पिटल होतं. तिथल्या स्लेग्ज नावाच्या डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. छातीत पाणी झालेले काही रुग्ण टीबीच्या औषधांनी बरे होत होते, काही अजिबात होत नव्हते. जे होत नव्हते ते एका विशिष्ट बाजूनं, अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या पट्ट्यातून येत होते. वॅग्नर या पॅथॉलॉजिस्टनं त्यांचे तुकडे तपासले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये 33 रुग्णांची माहिती छापली. त्यातले सगळे खाणकामगार नव्हते. काही जण लहानपणी फक्त त्या भागात राहिले होते.

ही किंबर्लीची गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. "टीबी समजून औषधं चालू, पण पाणी पुन्हा भरतंय" हे वाक्य आपल्या जिल्ह्यात किती घरांत ऐकू येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर पुढे येतो.

1960 मध्ये कारण कळलं, पण इलाज नव्हता. पुढची चाळीसेक वर्षं डॉक्टरांच्या हातात असं औषध नव्हतं जे या आजारात आयुष्य वाढवतं असं चाचणीत सिद्ध झालंय. ते आलं 2004 मध्ये. नाव पेमेट्रेक्सेड. आणि त्याची गोष्ट सुरू होते 1928 मध्ये, मुंबईत.

तेव्हा मुंबईच्या गरोदर बायकांमध्ये, खास करून गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये, एक भयंकर पांडुरोग दिसायचा. रक्त इतकं उतरायचं की बाळंतपणात बाई दगावायची. याचा शोध घ्यायला लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरबाई आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. मुंबईत प्रत्येकाची एक थिअरी होती. जंतू असेल, घाण असेल, हवा असेल. विल्सबाईंनी वेगळा प्रश्न विचारला, या बायका खातात काय? आजारी पडणाऱ्या बायकांच्या ताटात भाजीपाला, दूध, फळं जवळजवळ नव्हतीच.

त्यांनी आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले. गरीब बाईच्या ताटात असतं तसंच अन्न माकडांना दिलं, तर त्यांचंही रक्त उतरलं. मग एका माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून काढलेला काळा, खारट लगदा, इंग्रज लोक ब्रेडला लावून खातात. मी एकदा चाखलंय, दुसऱ्यांदा चाखणार नाही. पण माकड सुधारलं. बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. 1931 मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या लगद्यात नेमकं काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक अॅसिड.

ओळखलंत ना? आशाताई गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देतात, शाळेत मुलींना दर आठवड्याला देतात, तीच ती. आपल्याकडे ज्या घरात सिकलसेल आहे तिथं तर फॉलिक अॅसिड रोजची. धडगाव-अक्कलकुव्यातल्या किती घरांत ही गोळी मीठ-तेलासारखी असते. तिचा शोध मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून लागला हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

त्याच 1931 साली मुंबईच्या एका खूप श्रीमंत घरातली बाई परदेशात वारली. मेहरबाई टाटा. आजार ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. इतका पैसा, तरी उपाय नव्हता, कारण तो जगातच नव्हता. पती दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या ट्रस्टनं 28 फेब्रुवारी 1941 ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर. नंदुरबारहून सुरतमार्गे रात्रीची गाडी पकडून फाइल छातीशी धरून लोक जिथं जातात, तेच हे. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे.

आता गोष्ट अमेरिकेत जाते आणि तिथंही आपलाच माणूस भेटतो. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. लेडरली नावाच्या कंपनीत संशोधन सांभाळायचे. त्यांच्या टीमनं फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत बनवलं. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर हे डॉक्टर ल्युकेमिया झालेल्या मुलांवर उपचार करत होते. फॉलिक अॅसिडसारखे पदार्थ दिले की आजार उलट जोरात धावतोय असं त्यांना दिसलं. मग डोक्यात उलटा विचार आला. पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी डीएनएची कॉपी काढावी लागते आणि त्या कॉपीसाठी फोलेट लागतं. कर्करोगाची पेशी सारखी कॉपी काढत असते. तिचं फोलेट अडवलं तर?

सुब्बारावांच्या टीमनं फॉलिक अॅसिडसारखाच दिसणारा पण काम न करणारा रेणू बनवला. कुलपात जाऊन अडकणारी खोटी किल्ली. नाव अमिनोप्टेरिन. फार्बरनी 1947 च्या शेवटी तो मुलांना दिला आणि 1948 मध्ये निकाल छापले. 16 मुलांपैकी 10 सुधारली. तात्पुरती, काही महिन्यांसाठी, पण त्याआधी ल्युकेमिया एकाही औषधापुढे असा मागे हटला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. मेहरबाईंना जाऊन सतरा वर्षं झाली होती.

याच खोट्या किल्ल्यांच्या घराण्यातलं पुढचं अपत्य म्हणजे पेमेट्रेक्सेड. ते बनवलं एडवर्ड टेलर या प्रिन्स्टनच्या रसायनशास्त्रज्ञानं, इलाय लिली कंपनीबरोबर. टेलर विद्यार्थी असताना त्यांच्या वाचनात आलं की फुलपाखरांच्या पंखांच्या रंगात जी कड्यांची रचना आहे, तीच फॉलिक अॅसिडमध्येही आहे. त्या कुतूहलामागे ते आयुष्यभर लागले. पेमेट्रेक्सेड एका नाही तर तीन ठिकाणी अडकतं, त्यामुळे पेशीला पळवाट कमी उरते.

मेसोथेलियोमावर त्याची मोठी चाचणी झाली, चारशेहून जास्त रुग्ण. अर्ध्यांना फक्त सिस्प्लाटिन, अर्ध्यांना सिस्प्लाटिन अधिक पेमेट्रेक्सेड. निकाल 2003 मध्ये आला. एका गटातले निम्मे रुग्ण 9.3 महिन्यांपुढे जगले, दुसऱ्या गटातले 12.1 महिन्यांपुढे. फरक तीन महिन्यांचा. तुम्ही म्हणाल, बस, एवढंच? हो, एवढंच. पण तोपर्यंत तेवढंही कोणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. फेब्रुवारी 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणि आता ज्यासाठी मी हा भाग केला ती गोष्ट. चाचणीच्या सुरुवातीला काही रुग्ण औषधाच्याच त्रासानं दगावले. पांढऱ्या पेशी एकदम खाली. संशोधकांनी डेटा उकरला तेव्हा दिसलं की ज्यांच्या शरीरात आधीच फोलेट कमी होतं त्यांना औषध जास्त झोंबत होतं. मग चाचणी चालू असतानाच नियम बदलला. सगळ्यांना फॉलिक अॅसिडची गोळी आणि बी-12 चं इंजेक्शन सुरू केलं. त्रास लक्षणीय कमी झाला, औषधाचा असर तसाच राहिला. तेव्हापासून जगभर हाच नियम आहे. पेमेट्रेक्सेड सुरू करायच्या साधारण आठवडाभर आधीपासून रोज फॉलिक अॅसिड, आणि दर नऊ आठवड्यांनी बी-12.

म्हणजे ज्या बायकांच्या ताटात पालेभाजी नव्हती त्यांच्यामुळे सापडलेली गोळी, आणि त्या गोळीची नक्कल करून बनवलेलं औषध, ही दोन्ही आज एकाच रुग्णाला एकाच वेळी दिली जातात. एक कर्करोगाला उपाशी ठेवायला, एक माणसाला सांभाळायला. हे नातेवाइकांना माहीत असलंच पाहिजे. कारण घरी आल्यावर "एवढी मोठी केमो चालू आहे, ही दोन रुपयांची गोळी कशाला" म्हणून तीच पहिली सुटते. आपल्या जिल्ह्यात कुपोषण आणि पांडुरोग किती आहे ते नव्यानं सांगायला नको. इथल्या रुग्णाला त्या गोळीची गरज जास्तच असणार.

परळला परत जाऊ. फुफ्फुसाच्या कर्करोगात काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल असतो. हे 2004 मध्ये कळलं. अशा रुग्णांना जेफिटिनिब नावाची रोजची गोळी चालते, सलाइन नाही, भरती नाही. टाटामध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी असे 350 रुग्ण घेऊन विचारलं, गोळीच्या जोडीला पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिन दिलं तर? फक्त गोळीवर आजार साधारण 8 महिने आवरून राहत होता, जोडीनं 16 महिने. आयुष्यही वाढलं. त्रासही वाढला, तो लपवण्यात अर्थ नाही. हे 2020 मध्ये छापून आलं आणि जगानं वाचलं. आपण नेहमी अमेरिकेत काय लागलं ते इथं कधी येतं याची वाट बघतो. हे परळमधून बाहेर गेलं.

ऑपरेशनबद्दल लोक नेहमी विचारतात, कारण आपल्याला वाटतं कापून टाकलं की संपलं. 1933 मध्ये अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एक अख्खं फुफ्फुस एका बैठकीत काढलं आणि रुग्ण पुढे तीस वर्षं जगला. ग्रॅहम मात्र 1957 मध्ये स्वतः फुफ्फुसाच्याच कर्करोगानं गेले, सिगारेट ओढायचे. फुफ्फुसाचा कर्करोग लवकर सापडला तर ऑपरेशन आजही सगळ्यात चांगला उपाय आहे. मेसोथेलियोमात तसं नाही. आवरण सगळीकडे पसरलेलं, कापणार किती? ब्रिटनमध्ये मार्स नावाच्या दोन चाचण्या झाल्या. पहिलीत फुफ्फुसासकट आवरण काढणं फायद्याचं नाही असं दिसलं. दुसरीत, जिचे निकाल 2024 मध्ये छापले, फुफ्फुस ठेवून फक्त आवरण सोलून काढलं, तरी ऑपरेशन केलेले रुग्ण फक्त केमो घेतलेल्यांपेक्षा कमी जगले. त्यामुळे या आजारात कोणी "जमीन विका, ऑपरेशन करू" म्हणत असेल तर सही करण्याआधी मोठ्या कर्करोग केंद्रात दुसरं मत घ्या.

नवा पर्याय इम्युनोथेरपी. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या दोन औषधांची जोडी, 2020 मध्ये मेसोथेलियोमासाठी मान्य झाली. केमोवर 14.1 महिने, या जोडीवर 18.1. किंमत मात्र लाखांत, आणि तीही पुन्हा पुन्हा. टाटानं इथंही एक प्रश्न विचारलाय. निवोलुमॅबचा डोस नेहमीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम दिला तर? डोकं-मान-तोंडाच्या कर्करोगात त्यांनी तसं करून पाहिलं. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. हे मेसोथेलियोमाचे आकडे नाहीत, नीट लक्षात ठेवा, उद्या व्हॉट्सअॅपवर कोणी तसं फिरवू नका.

आणि जिथं काहीच चालत नाही तिथंही काही करता येतं. छातीतलं पाणी काढून आवरणं एकमेकांना चिकटवतात म्हणजे पुन्हा भरत नाही, किंवा बारीक नळी ठेवून घरच्या घरी पाणी काढता येतं. दुखण्यावर मॉर्फिन. ज्याला रात्री उशीला टेकून झोपता येत नाही त्याला विचारा, झोप लागणं हा केवढा उपचार आहे.

आता आपला जिल्हा. माझ्या नात्यातल्या एका काकांच्या छातीत पाणी झालं. एक्स-रे, सुईनं पाणी काढलं, टीबीची औषधं सुरू. दोन महिन्यांत पुन्हा पाणी. पुन्हा काढलं, औषधं तीच. सात महिन्यांनी तुकडा तपासला तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. यात कोणा एकाचा दोष शोधण्यात मला रस नाही. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे बहुतेक वेळा खरंच टीबी असतो आणि टीबीची औषधं सोडून चालतच नाही. पण किंबर्लीच्या त्या डॉक्टरांना जो प्रश्न पडला तो आपल्याला पडायला हवा. औषध चालू असून पाणी परत का भरतंय? थुंकीत किंवा पाण्यात टीबीचा जंतू सापडला होता का, की नुसता एक्स-रे बघून ठरवलं? सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणी कधी करायची? हे विचारलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारा. मेसोथेलियोमा तर नुसत्या पाण्याच्या तपासणीत बऱ्याचदा सापडतच नाही, तुकडाच लागतो.

दुसरा प्रश्न, काम काय केलं होतं? मुंबईत 2004 मध्ये ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या संस्थेनं एका अॅस्बेस्टॉस गिरणीच्या 181 कामगारांची तपासणी केली. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी ती पुढच्या वर्षी छापली. पाचातल्या एकाहून जास्त कामगारांना अॅस्बेस्टॉसिस, म्हणजे फुफ्फुस घट्ट होत जाण्याचा आजार होता. तो कर्करोग नाही, पण धूळ आत गेल्याची खूण आहे. ते कामगार सापडले कारण ते एका गेटमधून आत-बाहेर करत होते, त्यांची यादी होती, त्यांच्यासोबत उभं राहणारं कोणी होतं.

आपला माणूस कुठल्या यादीत आहे? दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे, उन्हाळ्यात सुरतेला बांधकामावर, मधेच कुठंतरी शेड पाडायचं, पत्रे बसवायचं काम. धूळ एका राज्यात, एक्स-रे दुसऱ्या राज्यात, मुकादमाचा नंबर बंद. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 1995 मध्ये, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, अॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर जपा. कोर्टाला त्या आजाराचं घड्याळ बरोबर कळलं होतं. पण हा हुकूम कारखान्याच्या गेटापुरता. भारतात अॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं 1986 मध्ये थांबलं, वापर मात्र आजही चालू आहे, माल बाहेरून येतो. अमेरिकेनं उरलासुरला वापर बंद करायचा नियम 2024 मध्ये केला.

कायद्यात एक जागा आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत अॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलियोमा, दोन्ही नावानिशी लिहिलेले आहेत. म्हणजे हक्क आहे, पण काम केल्याचा पुरावा लागतो. म्हणून घरात कोणी धुळीच्या कामाला जात असेल तर मोबाइलमध्ये एक साधी नोट बनवा. कुठल्या गावात, कुठल्या साइटवर, कोणत्या मालकाकडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काम काय. जमलं तर साइटचा एक फोटो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ती नोट त्यांना दाखवा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. ती नोट फोन बदलताना उडू देऊ नका, दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण तिची गरज 2060 मध्ये पडू शकते.

केमोचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का हे भरती होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि फाइलमध्ये तुकडा तपासणीचा रिपोर्ट वर लावा, एक्स-रे खाली. परळच्या ओपीडीत सगळ्यात आधी तोच मागतात.